खोट्या चांदण्यांचा धडा: लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन केव्हा लावावं, केव्हा नाही

उन्हाळ्यात पहिल्यांदा आकाशगंगा टिपायला गेलेल्या माणसाची एक फसगत ठरलेली असते. रात्री माळावर कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन तोच फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा केला, की आकाशात तारे आहेतच, पण खाली काळ्या डोंगराच्या पोटातही चांदण्या चमकतायत. लाल, निळ्या, हिरव्या, एकेका टाचणीच्या टोकाएवढ्या. माझ्या पहिल्या फोटोत मी त्यांना वस्तीवरचे दिवे समजलो होतो. त्या डोंगरावर वस्ती नव्हती.

या खोट्या चांदण्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. त्या पुसायची एक सोय जवळजवळ प्रत्येक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यात असते: लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेल्या फोटोतला नॉइज (नको ते ठिपके) कमी करणं. तिच्याबद्दल नवख्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, कायम चालू ठेव. दुसरा म्हणतो, हात लावू नकोस, निम्मी रात्र वाया जाते. दुसरा सल्ला पुष्कळदा थंड देशांतून आलेला असतो आणि तिथे तो बरोबरही आहे. आपल्याकडे मात्र आकाशगंगेचा हंगाम आणि उकाड्याचा हंगाम एकच, त्यामुळे हिशोब वेगळा मांडावा लागतो.

आधी हा धडा काय ते समजून घ्या

पूर्वी वाण्याकडे तेल आणायला घरून बरणी न्यावी लागे. वाणी आधी रिकामी बरणी पारड्यात ठेवून तिचा धडा करायचा, म्हणजे तिचं वजन हिशोबातून आधीच काढून टाकायचा, आणि मग तेल ओतायचा. धडा केला नाही, तर बरणीचं वजनही तेलाच्या भावाने जायचं. कॅमेऱ्यातली ही सोय नेमकं हेच काम करते.

सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल उजेडाने सुटलेले इलेक्ट्रॉन मोजतो. पण इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनेही सुटतात, आणि पिक्सेलला दोन्हींतला फरक कळत नाही. दिवसाच्या शंभरांश सेकंदाच्या फोटोत ही उष्णतेची भर खिजगणतीत नसते. वीस-तीस सेकंद शटर उघडं राहिलं की ती साठत जाते. काही पिक्सेल मुळातच जास्त गळके असतात, तेच आधी चमकायला लागतात. सेन्सरचं तापमान साधारण सहा ते आठ अंश सेल्सिअसने वाढलं की ही गळती दुप्पट होते. शून्य अंशाची रात्र आणि २८ अंशांची रात्र यांत एकाच कॅमेऱ्याच्या गळतीत दहा ते पंचवीस पट फरक पडतो, तो असा. त्यात सेन्सर स्वतः चालू असताना हवेपेक्षा काही अंश गरमच असतो.

यात आपल्या फायद्याची गोष्ट एकच. गळका पिक्सेल जागा बदलत नाही, आणि तेवढाच वेळ, तेच तापमान, तोच आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) असेल तर जवळपास तेवढाच गळतो. म्हणून तुमचा २० सेकंदांचा फोटो झाला, की कॅमेरा शटर बंद ठेवून लगेच आणखी २० सेकंदांचा एक काळा फोटो आपणहून घेतो. याला डार्क फ्रेम म्हणतात. ही झाली रिकामी बरणी. ती पहिल्या फोटोतून वजा होते आणि उरलेलं कार्डावर लिहिलं जातं. काळा फोटो तुम्हाला कधी दिसतच नाही, दिसते ती फक्त वाट पाहायची वेळ.

ही वजाबाकी रॉ फाइलमध्येही (म्हणजे जेपेग न बनवता ठेवलेल्या सेन्सरच्या मूळ नोंदीतही) होते, आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण मेन्यूत हिच्या शेजारीच हाय आयएसओ नॉइज रिडक्शन नावाची दुसरी सोय बसलेली असते. ती धडा करत नाही, ती चेहऱ्यावर पावडर लावल्यासारखा फोटो गुळगुळीत करते. जेपेगवर तिचा परिणाम दिसतो. रॉ काढत असाल तर ती लावली काय आणि न लावली काय. जेपेग काढत असाल तर बंदच ठेवा, कारण बारीक तारे तिला नॉइज वाटतात.

घरी पंख्याखाली करायची चाचणी

माळावर जायच्या आधी आपल्या कॅमेऱ्याला किती गळती आहे हे पाहून घ्यावं. एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांतही फरक असतो, म्हणून मित्राचा अनुभव उपयोगाचा नाही.

कॅमेरा दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे तो माळावर जितका गरम होतो तितका होईल. मोड मॅन्युअल, फाइल रॉ, आयएसओ ३२००, शटर ३० सेकंद. लेन्सला टोपी लावा. डीएसएलआर असेल तर डोळा लावायच्या खिडकीवरही काळं फडकं टाका, तिथूनही उजेड आत झिरपतो. खोलीतला दिवा घालवा. आता नॉइज रिडक्शन बंद ठेवून एक फोटो, चालू करून दुसरा. दुसऱ्या वेळी हातातल्या घड्याळावर वेळ मोजा: तीस सेकंदांनी शटर बंद झाल्याचा आवाज येईल आणि पुढचे तीस सेकंद कॅमेरा काहीच ऐकणार नाही. हा आवाज आणि ही शांतता ओळखीची झाली, की माळावर धांदल होत नाही.

दोन्ही फाइली कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठ्या करून, उजेड दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवून शेजारीशेजारी पाहा. पहिल्या फोटोत रांगोळी सांडल्यासारखे रंगीत ठिपके दिसतील, दुसऱ्यात बहुतेक गायब. एक सावधगिरी: अडोबीचं लाइटरूम रॉ उघडतानाच काही हॉट पिक्सेल गुपचूप पुसतं, त्यामुळे तिथे फरक कमी वाटेल. खरं चित्र पाहायचं तर रॉथेरपी किंवा डार्कटेबलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, त्यातली हॉट पिक्सेल पुसायची खूण काढून, पाहा.

हीच चाचणी जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा करा. मे महिन्यातली फाइल पाहिल्यावर या लेखाची निम्मी गरज उरणार नाही.

मेन्यूत ही सोय कुठे सापडते

कॅननमध्ये शूटिंगच्या लाल पानांत, जुन्या कॅमेऱ्यांत कस्टम फंक्शनमध्ये. पर्याय तीन: बंद, ऑटो, चालू. ऑटोत कॅमेरा स्वतः ठरवतो की वजाबाकीची गरज आहे की नाही. एकाच रात्रीच्या दहा फोटोंतले चार धुतलेले आणि सहा न धुतलेले, असा प्रकार मला नको असतो, म्हणून ऑटो मी वापरत नाही. निकॉनमध्ये फोटो शूटिंग मेन्यूत, चालू किंवा बंद एवढंच. सोनी आणि फुजीत चित्राच्या गुणवत्तेच्या पानांत. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती कारखान्यातूनच चालू येते, म्हणून सोनीवाल्यांनी आधी जाऊन बघावं. बहुतेक कॅमेऱ्यांत साधारण एक सेकंदापुढच्या एक्स्पोजरलाच ती लागू होते, त्यामुळे दिवसा चालू राहिली तरी काही बिघडत नाही.

कॅनन-निकॉनमध्ये माय मेन्यू नावाचं स्वतःचं पान बनवता येतं. ही ओळ तिथे सगळ्यात वर आणून ठेवा. रात्रीतून चार-पाच वेळा ती चालू-बंद करावी लागणार आहे आणि अंधारात पानं उलटत बसण्यात मजा नाही.

माळावर

आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिकाच्या नांगीपासून धनूपर्यंतचा दाट पट्टा, आपल्याकडून बघायला मिळतो हे भाग्यच आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर येतो. लंडनहून तो जेमतेम नऊ-दहा अंशांवर सरपटतो. पण वेळ पाहा. मार्चच्या मध्यात तो रात्री दीडच्या सुमारास उगवतो, मेच्या मध्यात साडेनऊच्या सुमारास, आणि नीट वर यायला त्यानंतर दोन तास. जून उजाडला की ढग. म्हणजे निवांत फोटोचा काळ मार्च ते मे, आणि पेंचच्या बाजूला मे महिन्यात मध्यरात्रीही हवा तापलेलीच असते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आकाश तिथे काळं मिळेल, पण सेन्सरला गारवा मिळणार नाही. सह्याद्रीत नाणेघाट, भंडारदरा, हरिश्चंद्रगड इथे वारा असतो म्हणून थोडं बरं.

अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरा. पोचल्यावर ट्रायपॉड रोवा, लेन्सवरचं स्थिरीकरणाचं बटण बंद करा, आणि नॉइज रिडक्शन बंद असल्याची खात्री करा. हो, आत्ता बंदच. फोकस आणि चौकट जुळवेपर्यंत आठ-दहा फोटो फुकट जाणार असतात, आणि त्या प्रत्येकाचा धडा करत बसलात तर वेळ उगाच वाट पाहण्यात जाईल.

फोकस हातानेच. लाइव्ह व्ह्यू लावून एखादा ठळक तारा, मे महिन्यात चित्रा किंवा ज्येष्ठा, पडद्यावर दहापट मोठा करा आणि तो सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग फिरवा. मग लाइव्ह व्ह्यू बंद करा. हे सौंदर्यासाठी सांगत नाही: लाइव्ह व्ह्यूत सेन्सर सतत काम करत असतो आणि तापतो. मिररलेसमध्ये तो पूर्ण टाळता येत नाही, तर दोन फोटोंच्या मध्ये मागचा पडदा तरी मालवावा.

चौकट जुळवताना आयएसओ ६४०० आणि ५ सेकंद, म्हणजे निकाल पटकन दिसतो. चौकट ठरली की खरी मापं लावा. तारे रेघ होऊ नयेत म्हणून जुना ठोकताळा असा, की ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं, आणि क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) असेल तर त्या भाजकाला आधी १.५ किंवा १.६ ने गुणायचं. १८ मिलिमीटरच्या किट लेन्सला १.५ क्रॉपवर साडेअठरा सेकंद येतात. आजच्या दाट मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हा ठोकताळा सैल पडतो, मी १५ च लावतो. छिद्र (अ‍ॅपर्चर) लेन्सचं सर्वांत मोठं, एफ ३.५ असेल तर ३.५. आयएसओ ३२००. पांढरेपणा (व्हाइट बॅलन्स) ४००० केल्व्हिनच्या आसपास, रॉ असल्याने तो नंतरही बदलता येतो.

आता नॉइज रिडक्शन चालू करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि बटण दाबा. पंधरा सेकंद फोटो, पंधरा सेकंद धडा. कॅननवर बिझी अशी अक्षरं येतात, निकॉनवर जॉब एनआर लुकलुकतं. या काळात टोपी लावायची गरज नाही, शटर बंद आहे. टॉर्च लावून पाणी प्यायला हरकत नाही, फक्त शेजारच्या फोटोग्राफरला आधी विचारा. त्याचं शटर उघडं असू शकतं.

माझ्या पहिल्याच मोहिमेत मी चार मिनिटांचं एक्स्पोजर दिलं होतं. शटर बंद झाल्याचा आवाज आला, पडद्यावर फोटो मात्र नाही. एक मिनिट थांबलो, बटणं दाबून पाहिली, कॅमेरा ढिम्म. दुसरं मिनिट संपता संपता मी बॅटरीच काढली. कॅमेरा बिचारा धडा करत होता. फोटोही गेला आणि तो क्षणही, कारण तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. तेव्हापासून नव्या माणसाबरोबर गेलो की मी त्याला आधी विचारतो, ती सोय चालू आहे का माहीत आहे का तुला.

तेच चार मिनिटांचं एक्स्पोजर मात्र या सोयीचं खरं गिऱ्हाईक आहे. आकाशासाठी पंधरा-वीस सेकंद पुरतात, पण खालचा डोंगर, देऊळ, धरणाचं पाणी एवढ्या वेळात काळंच राहतं. म्हणून अनेक जण आकाश एका फोटोत घेतात आणि जमीन दुसऱ्यात, आयएसओ ८०० आणि तीन-चार मिनिटं देऊन, आणि घरी दोन्ही जोडतात. जमिनीच्या त्या फोटोत गळती नऊ ते सोळा पट वेळ साठते, आणि खोट्या चांदण्या काळ्या दगडावरच जास्त उठून दिसतात. तिथे ही सोय डोळे झाकून लावा. आठ मिनिटं जातील. तेवढ्यात डबा खाऊन होतो.

जिथे ती लावायची नाही

ताऱ्यांच्या रेघा काढायच्या असतील तर बंद. ध्रुवाभोवतीची वर्तुळं काढायला आपण तासभर एकामागून एक फोटो घेतो आणि मग ते एकमेकांवर रचतो. मध्ये धडा आला की तेवढा वेळ कॅमेरा आंधळा, आणि पृथ्वी काही थांबत नाही. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात). २० सेकंदांच्या खंडात ३०० विकला, म्हणजे ५ कला. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर २४ मिलिमीटरच्या लेन्सने हे जवळजवळ सहा पिक्सेल होतात. आकाशातल्या विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांची रेघ सलग न राहता शिवणीच्या टाक्यांसारखी तुटक दिसते. नुसता एक सेकंदाचा खंड असेल तर पाव-एक तृतीयांश पिक्सेल सरकतो, तो कुणाला दिसत नाही.

उल्कावर्षावातही बंद. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो, आणि सोय चालू ठेवून बसलात तर निम्म्या उल्का कॅमेऱ्याचे डोळे मिटलेले असताना पडतील. सर्वांत तेजस्वी उल्का तर नेमकी तेव्हाच पडते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. शिवाय डिसेंबरात थंडी असते, गळती मुळातच कमी. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे ढगांच्या वर होतो, त्यामुळे त्याची चर्चा नको.

आणि तिसरी जागा म्हणजे स्टॅकिंग. एकाच चौकटीचे वीस फोटो काढून ते सॉफ्टवेअरने एकमेकांवर बसवले की नॉइज सरासरीत विरघळतो आणि आकाशगंगेचे धागे वर येतात. प्रत्येकी २० सेकंदांच्या वीस फोटोंना ६ मिनिटं ४० सेकंद लागतात. सोय चालू ठेवली तर १३ मिनिटं २० सेकंद. याच वेळात तुम्हाला चाळीस फोटो मिळाले असते, आणि चाळीस फोटोंचं स्टॅक वीस धुतलेल्या फोटोंपेक्षा चांगलं येतं.

इथे इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणारं साधन) वापरणाऱ्यांचा एक ठरलेला अपघात सांगून ठेवतो. सोय चुकून चालू राहिली आणि इंटरव्हल २२ सेकंदांचा लावलेला असेल, तर कॅमेरा धडा करत असताना पुढचा हुकूम येतो आणि वाऱ्यावर जातो. सकाळी कार्डावर दोनशेऐवजी शंभर फोटो. कॅमेरा बिघडला नाही, मेन्यू बघा. सोय लावूनच घ्यायचं असेल तर इंटरव्हल एक्स्पोजरच्या दुपटीपेक्षा चार-पाच सेकंद जास्त ठेवा. सोनीच्या कॅमेऱ्यांत कंटिन्युअस ड्राइव्ह लावला की मेन्यूत चालू असूनही ही सोय काम करत नाही. काही मिररलेसमध्ये सायलेंट शटर लावलं तरी तेच. घरच्या चाचणीत हेही एकदा तपासा. उलट बाजूने, कॅननच्या ६डी सारखे काही फुल-फ्रेम कॅमेरे चार-पाच फोटो सलग घेऊ देतात आणि मग एकच डार्क फ्रेम घेऊन ती सगळ्यांना लावतात. ज्याच्याकडे असा कॅमेरा आहे त्याला अर्धं भांडण मिटल्यासारखंच.

धडा आपल्या हाताने

स्टॅकिंग करणाऱ्याने धडा करायचाच नाही असं नाही, तो शेवटी एकदाच करायचा. हे काम कॅमेऱ्यापेक्षा तुम्ही चांगलं करता, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

गळतीचा एक भाग ठरावीक असतो आणि एक भाग प्रत्येक वेळी थोडा हलतो. वजाबाकीने ठरावीक भाग जातो. हलणारा भाग मात्र डार्क फ्रेममध्येही असतो, आणि वजा केल्याने तो कमी न होता फोटोतल्या हलणाऱ्या भागात मिसळतो. एकच डार्क फ्रेम वापरली तर गळतीचा आणि सेन्सर वाचण्याचा हा विस्कळीत नॉइज सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. ठिपके गेले, पण खाली किंचित खरखर वाढली. कॅमेरा नेहमी एकाच डार्क फ्रेमवर काम करतो. तुम्ही सोळा घेतल्यात आणि त्यांची सरासरी वजा केलीत, तर वाढ जेमतेम ३ टक्के. वाण्याने एकदा घाईत तोललेली बरणी आणि सोळा वेळा तोलून काढलेली सरासरी, एवढाच फरक.

तर पद्धत अशी. आकाशाचे सगळे फोटो सोय बंद ठेवून घ्या. शेवटचा फोटो झाला की कॅमेरा बंद करू नका, गाडीतल्या एसीत नेऊ नका. जागच्या जागी लेन्सला टोपी लावा, डीएसएलआरची खिडकी झाका, आणि त्याच आयएसओवर, त्याच शटरवर सोळा ते वीस फोटो घ्या. फोकस आणि छिद्र कुठेही असलं तरी चालतं. तापमान मात्र तेच हवं, दुसऱ्या तापमानाची डार्क फ्रेम म्हणजे दुसऱ्याच बरणीचा धडा. एप्रिलच्या रात्री घेतलेल्या डार्क फ्रेम डिसेंबरच्या फोटोंना लावल्या, तर ठिपके जायच्या ऐवजी काळी भोकं पडतात.

विंडोजवर सिक्वेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आकाशाचे फोटो एका खान्यात आणि डार्क फ्रेम नॉइज इमेजेसच्या खान्यात टाकायच्या. सुरुवातीला हेच सोपं. पुढे डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलकडे जा, सिरिल मॅक आणि लिनक्सवरही चालतं.

कॅमेऱ्यातला धडा केलेल्या फोटोंना वर पुन्हा डार्क फ्रेम लावू नका. एकदा वजा झालेलं दुसऱ्यांदा वजा होतं. दोन्हींपैकी एक.

आणि डार्क फ्रेम घ्यायच्या राहूनच गेल्या तर? पहाटे चार वाजता माणूस माणूसच असतो. ट्रायपॉडवर स्थिर कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोंत तारे चौकटीत सरकत जातात आणि हॉट पिक्सेल जागेवर राहतात. सॉफ्टवेअर तारे जुळवतं तेव्हा हॉट पिक्सेल विखुरले जातात, आणि सिग्मा किंवा मीडियन पद्धतीने (म्हणजे बाकी फोटोंशी न जुळणारे ठिपके वगळून) रचलं तर त्यांतले बरेचसे आपोआप गळून पडतात. नुसत्या साध्या सरासरीने रचलं, तर मात्र त्यांच्या छोट्या रंगीत अळ्या होतात.

काही सुटी टिपणं

जुन्या निकॉनवाल्यांना आठवेल: २००४ चा डी७० लांब एक्स्पोजरच्या रॉ फाइलवर आपणहून एक गाळणी फिरवायचा आणि तिच्यात बारीक तारेही गाळले जायचे. आकाशवेड्यांनी त्यावर तोड काढली. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू करायचं, आणि डार्क फ्रेम सुरू झाली की कॅमेऱ्याचं बटण बंद करायचं. गाळणी फिरायच्या आतच फाइल कार्डावर उतरायची. याला मोड थ्री म्हणायचे. २०१७ च्या सुमारास सोनीच्या ए७ मालिकेतल्या काही मॉडेलांवर असाच तारे खाण्याचा आरोप झाला. जुना कॅमेरा विकत घेत असाल तर त्याचं नाव आणि हा विषय एकत्र शोधून पाहा. नॉइज रिडक्शन बंद करून ही गाळणी बंद होत नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या.

ही सोय शहराच्या उजेडाचा तांबूस पडदा काढत नाही. वांगणीहून काढलेल्या फोटोत मुंबईच्या बाजूला आकाश उजळलेलं दिसतं, त्या उजेडाचा स्वतःचा नॉइज गळतीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तिथे ही सोय लावून फक्त ठिपके जातील, खरखर तशीच राहील. लेन्सवर साचलेलं दव, धूर, थरथरलेला ट्रायपॉड, यांवरही तिचा इलाज नाही. बॅटरी मात्र ती भरपूर खाते, दोन तरी जवळ ठेवा.

मोबाइलवाल्यांसाठी एकच ओळ: गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये आकाशाच्या फोटोसाठी दिलेला मोड सोळा-सोळा सेकंदांचे पंधरापर्यंत फोटो घेऊन रचतो आणि गरम पिक्सेल स्वतःच ओळखून भरतो, तिथे तुम्ही फक्त फोन स्थिर ठेवायचा.

लडाखला गेलात तर हे सगळं उलटं करा. हान्ले परिसर २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह झाला. तिथे साडेचार हजार मीटरच्या आसपास ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली असतो, आणि सेन्सर एवढा गार, की वीस सेकंदांच्या फोटोत शोधूनही चार ठिपके सापडायचे नाहीत. तिथे सोय बंद ठेवा, आणि दुसरी बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी.